नागपूरचं घर दर डिसेंबरात का गारठतं, आणि हिटर घेण्याआधी काय तपासायचं

तक्रार दरवर्षी तीच असते. दिवसभर ऊन छान पडतं, दुपारी गच्चीत बसलं तर स्वेटर काढून ठेवावा लागतो, आणि रात्री नऊ-दहानंतर त्याच घरात फरशीवर पाय टेकवत नाही. म्हातारी माणसं रात्रीतून उठून बसतात, लेकरं सकाळी पांघरुणातून बाहेर यायला तयार नसतात. मग घरात हिटर येतो. जानेवारीचं बिल पाहून तो दिवाणाखाली जातो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा बाहेर निघतो. घर मात्र तसंच गार.

याचं मूळ आपल्या घरांच्या बांधणीत आहे. नागपुरात घर बांधलं जातं ते उन्हाळ्यासाठी. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात घर बांधणारा माणूस वारा कुठून खेळेल, ऊन कसं अडेल आणि कुलर कोणत्या खिडकीत बसेल याचाच विचार करणार, आणि तो बरोबरच आहे. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. मे महिन्यात जी सोय, तीच अशा रात्री गळती होऊन बसते.

त्यातही आपल्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. डिसेंबरात दुपारी पारा २७-२८ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे १२-१३ च्या आसपास उतरतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन, भिंती आणि स्लॅब रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात. उत्तरेकडचा वारा सुटला की गारवा आणखी वाढतो. म्हणजे रोज दुपारी उष्णता फुकट दारात येते आणि रोज रात्री निघून जाते. माझं सांगणं एवढंच आहे की नागपूरच्या घराला हिवाळ्यात उष्णतेची कमी नसते, ती टिकत नाही. गळती बुजवल्याशिवाय आणि दारं-खिडक्यांची वेळ बदलल्याशिवाय हिटरवर एक रुपयाही घालू नका.

हिटर लावूनही खोली गार का राहते

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून आधी त्याचा हिशेब.

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घ्या. तिच्यात साधारण ४० किलो हवा मावते. ही सगळी हवा १० अंशांनी तापवायला फक्त ०.१ युनिटच्या आसपास वीज लागते. २००० वॅटचा हिटर तेवढी वीज तीन-चार मिनिटांत ओततो. तरीही तास-दीड तास हिटर चालतो आणि बंद केला की पंधरा मिनिटांत पुन्हा गार. कारण दोनच. एक तर तापलेली हवा वरच्या झरोक्यातून आणि फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी बाहेरची १२ अंशांची हवा आत येते. दुसरं म्हणजे भिंती, फरशी आणि स्लॅब थंड असतात. विटांच्या भिंतीत हवेपेक्षा शेकडो पट जास्त उष्णता मावते, त्यामुळे हिटरची उष्णता त्या भिंती पिऊन टाकतात. हवा कितीही तापली तरी शेजारची गार भिंत अंगातली ऊब ओढत राहते, आणि आपल्याला थंडी वाजतेच.

बिलाकडे पाहा. २००० वॅटचा हिटर रोज चार तास म्हणजे ८ युनिट, महिन्याला २४० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. एरवी १५०-२०० युनिटांत भागणारं घर या एका वस्तूमुळे ३०० च्या पुढच्या टप्प्यात जातं, आणि ३०० नंतरच्या प्रत्येक युनिटला जास्त दर लागतो.

ऑइल हिटर घेतला, ब्लोअर घेतला की लाल नळीचा रॉड हिटर घेतला, याने युनिटात फरक पडत नाही. एका युनिटात जेवढी उष्णता असते तेवढीच सगळे देतात. फरक इतकाच, की ऑइल हिटर हळूहळू पूर्ण खोली तापवतो आणि रॉड हिटर समोर बसलेल्या माणसाला लगेच ऊब देतो. खरंच कमी विजेत जास्त उष्णता देतो तो गरम-थंड दोन्ही करणारा एसी, कारण तो बाहेरची उष्णता आत ओढून आणतो. पण आपल्याकडचे बहुतेक एसी फक्त थंड करणारे आहेत, आणि दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी मुद्दाम नवा घ्यावा असं मला वाटत नाही.

गळती कुठे आहे, ते एका रात्रीत कळतं

वारा सुटलेल्या रात्री दहाच्या सुमारास सगळी दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा तेवढा चालू ठेवा. तो घरातली हवा बाहेर फेकतो, त्यामुळे जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा जोरात आत येते. आता एक उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने, दाराच्या खालून, कुलरच्या भोवती, एसीची नळी जिथून जाते तिथे, वीजपेटीजवळ हळूहळू फिरवा. पडद्यांपासून जपून. धूर सरळ वर गेला तर जागा ठीक आहे. तो खोलीच्या आतल्या बाजूला लवला तर तिथे खडूने खूण करा. सगळं घर पाहून झालं की खुणा मोजा. बहुतेक घरांत सगळ्यात मोठी खूण कुलरजवळच पडते.

कुलर: अर्धी गळती इथेच

शेजारच्या काकूंना मी विचारलं, “काकू, कुलर बंद केला का?” तर म्हणाल्या, “बंदच तं आहे जी. होळीपर्यंत कोण लावते?” बटण बंद होतं, तोंड उघडं होतं. आपल्या गावात घरोघरी हेच चित्र आहे.

कुलर बाहेर लोखंडी स्टँडवर उभा असतो आणि त्याचं तोंड खिडकीच्या चौकटीत घुसवलेलं असतं. त्यामुळे त्या खिडकीचं झाकण लागतच नाही. कुलरला तिन्ही बाजूंनी जाळ्या, जाळ्यांत गेल्या उन्हाळ्याच्या वाळून आकसलेल्या गवताच्या ताट्या, आणि ताट्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. थोडक्यात, झोपायच्या खोलीच्या भिंतीला दोन फूट बाय दोन फुटांचं भोक आहे आणि त्यावर चाळणी लावली आहे. वर कुलर बसवताना चौकटीत उरलेली जागा पुठ्ठ्याने किंवा प्लायने बुजवलेली असते. पावसाळ्यात तो पुठ्ठा ओला होऊन वाकलेला असतो.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कुलर काढून ठेवणं. दिवाळीच्या साफसफाईतच हे काम उरकून टाकावं. पाणी पूर्ण काढा, तळातला क्षाराचा थर घासा, ताट्या टाकून द्या, मोटर-पंप पुसून कोरडे करा, कुलर दोन दिवस उन्हात ठेवा आणि मग ताडपत्रीत गुंडाळा. खिडकी मोकळी झाली की ती लागते, आणि दुपारचं ऊनही त्यातून आत येतं. टाकीत पाणी तसंच राहिलं तर डास होतात, त्यात डेंग्यूचेही, म्हणून काढायचा नसेल तरी पाणी मात्र उपसलंच पाहिजे.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, स्टँडला वेल्डिंग केलेला कुलर असेल तर तो काढणं अवघड असतं. अशा वेळी लोक बाहेरून ताडपत्री बांधतात आणि काम झालं असं समजतात. ताडपत्रीने धूळ अडते, वारा अडत नाही. तो खालून शिरतो आणि तोंडातून आत येतो. बंद करायचं ते आतून. कुलरच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा प्लाय किंवा सनबोर्ड कापा. त्याच्या मागे अर्धा-एक इंच जाडीचा फोम किंवा जुन्या गोधडीचा दुमडलेला तुकडा चिकटवा, कडेला फोमची पट्टी लावा आणि चौकटीला दोन-तीन फिरत्या लाकडी खिट्ट्या मारून तो घट्ट दाबा. थर्माकोल चांगला काम करतो, पण तो पटकन पेटतो, म्हणून उघडा ठेवू नका. प्लायच्या मागेच राहू द्या. कुलरचा प्लग काढलेला असावा, म्हणजे चुकून कोणी बटण दाबलं तरी काही होणार नाही. चौकटीतल्या बाकी फटी जुन्या कापडाच्या गुंडाळ्यांनी ठासून भरा आणि वरून रुंद चिकटपट्टी लावा.

गच्चीवर मोठा कुलर आणि त्यातून प्रत्येक खोलीत डक्ट (हवेची नळी) अशी सोय असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्या. गार हवा जड असते. रात्री गच्चीवरची गार हवा त्या डक्टमधून आपोआप खाली उतरते आणि पलंगावर पडते. पंखा चालू नसल्यामुळे ती जाणवत नाही, पण उदबत्ती लगेच सांगते. प्रत्येक खोलीतल्या जाळीला आतून झाकण लावा आणि गच्चीवरचं तोंडही बांधा.

एवढं एक काम केलं तरी पहिल्या रात्रीपासून फरक कळतो. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर हे तरी नक्की करा.

दारं, झरोके, खिडक्या

दाराखालची अर्ध्या इंचाची फट लोकांना फार क्षुल्लक वाटते. तीन फूट रुंद दाराखाली अर्धा इंच म्हणजे १८ चौरस इंच. भिंतीत सव्वाचार इंच बाय सव्वाचार इंचाचं भोक पाडलं तर तेवढीच जागा होईल. पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांखाली अशी फट असली की घरातून वारा सरळ वाहतो. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली लावायची रबरी पट्टी मिळते, ती लावा. नाहीतर जुन्या साडीची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू किंवा चिंध्या भरा आणि रात्री दाराला लावून ठेवा. चौकटीच्या कडेला फोमची चिकट पट्टी लावली की दार घट्ट बसतं आणि आवाजही करत नाही.

महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत छताखाली झरोके असतात. उन्हाळ्यात वर चढलेली गरम हवा त्यांतून बाहेर जावी, हा त्यांचा उद्देश. हिवाळ्यातही ते तेच काम चोख करतात. झोपायच्या आणि बैठकीच्या खोलीतले झरोके काचेने, पारदर्शक शीटने किंवा पुठ्ठा-कापडाने बंद करा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतले मात्र कधीही बंद करू नका. त्याचं कारण पुढे येईल.

मनीषनगर, बेसा, हुडकेश्वरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये झरोके नसतात, पण ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांच्या कडेला केसाळ ब्रशची पट्टी असते. चार-पाच वर्षांत ती झिजते आणि दोन काचांमधून वारा शिट्टी घालत येतो. ती पट्टी मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी सरकवायची. खालच्या रुळातली पाणी जाण्याची छिद्रं बुजवू नका, पावसाळ्यात लागतात. एसीच्या नळीभोवतीचं भोक पुट्टीने बुजवा.

पडद्यांबद्दल एकच गोष्ट. जाड पडदा खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत न थांबता त्याखाली अर्धा फूट तरी गेला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी भिंतीवर यायला हवा. नाहीतर काचेजवळ गार झालेली हवा खालून सरकून खोलीत येते. उत्तरेच्या दारावर जुनी सतरंजी टांगली तरी चालते. दिसायला कशीही असो, रात्री ऊब राहते.

दार उघडण्याची वेळ बदला

आपल्याकडे सकाळी सहाला पुढचं दार उघडतं, सडा पडतो, झाडझूड होते, सगळ्या खिडक्या उघडतात. ही सवय चांगली आहे, पण डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि त्याच वेळी हवा सगळ्यात गार असते. रात्रभर जेमतेम टिकवलेली ऊब अर्ध्या तासात जाते. झोपायच्या खोलीतली कोंदट हवा बदलायला ऊन पडल्यावर दहा मिनिटं खिडकी उघडणं पुरेसं आहे. संपूर्ण घर उघडायचं ते अकरानंतर, बाहेरची हवा घरापेक्षा गरम झाल्यावर. आणि बंद करायचं साडेचारला. सूर्य साडेपाचच्या थोडा नंतर मावळतो. तोवर थांबलात तर गारवा आत आलेला असतो. दिवाबत्तीच्या वेळी दार उघडं ठेवण्याची रीत ज्या घरी आहे, त्यांनी बाकीच्या खिडक्या तरी त्याआधी लावून घ्याव्यात.

आता उन्हाचं. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला. म्हणून दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात दुपारी उन्हाने तापत नाही आणि हिवाळ्यात मात्र तिच्यातून ऊन थेट आत येतं. छज्जा दोन फुटांचा असेल तर डिसेंबरात भर दुपारी तो खिडकीचा वरचा दोन फूट भाग सावलीत ठेवतो आणि त्याखालच्या भागात ऊन येतं. सकाळी-संध्याकाळी याहून जास्त. उन्हाने भरलेली एक चौरस मीटर काच भर दुपारी चारशे-पाचशे वॅट उष्णता आत आणते. ती फरशीत आणि भिंतीत साठते आणि रात्री दहा-अकरापर्यंत परत मिळत राहते. यासाठी मीटर फिरत नाही.

पण ते ऊन आत येऊ देतो कोण? एप्रिलमध्ये बांधलेली हिरवी जाळी डिसेंबरातही बाल्कनीवर आणि खिडक्यांवर तशीच असते. काचांवर वर्तमानपत्रं किंवा काळी फिल्म चिकटवलेली असते. पश्चिमेची खिडकी तर उन्हाळ्याच्या धास्तीने कपाट लावून कायमची बंद केलेली असते. दक्षिण आणि पश्चिमेची हिरवी जाळी दिवाळीनंतर उतरवा, पडदे दिवसा पूर्ण उघडा, दक्षिणेच्या खिडकीपुढची कपाटं सरकवा. ज्या फरशीवर ऊन पडतं तिथली सतरंजी दिवसा गुंडाळून ठेवा, म्हणजे फरशी तापेल. संध्याकाळी पुन्हा अंथरा. गाद्या, उशा, रजया रोज दोन तास गच्चीत टाकल्या की कोरड्या आणि फुगीर राहतात आणि जास्त ऊब देतात.

वरचा मजला, पत्रा आणि कवेलू

गच्चीखालची खोली सगळ्यात आधी गारठते, कारण स्लॅब रात्रभर उघड्या आकाशाखाली असतो. काहीजण विचारतात, उन्हाळ्यासाठी गच्चीला लावलेला पांढरा रंग हिवाळ्यात खरवडून काढावा का. काढू नका. पांढऱ्या रंगामुळे हिवाळ्यात दिवसाची थोडी उष्णता कमी मिळते हे खरं, पण रात्री उष्णता सोडण्यात पांढऱ्या आणि साध्या काँक्रीटमध्ये फारसा फरक नसतो. मे महिन्यात मिळणारा फायदा याच्या कितीतरी पट मोठा आहे. खर्च करायचाच असेल तर आतून फॉल्स सिलिंग करा. मधली अडकलेली हवा हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्ही राखते.

पत्र्याच्या घराची अडचण याहून मोठी आहे, आणि त्यात राहणाऱ्यांकडे खर्चाला पैसेही कमी असतात. पत्रा संध्याकाळी सातलाच गार पडतो आणि पहाटे आतून पाणी ठिबकतं. तिथे पत्र्याखाली एक-दीड फूट सोडून बांबूच्या तट्ट्यांचं सिलिंग बांधणं हा सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय आहे. तट्टे मिळत नसतील तर जुन्या चादरी शिवून चांदवा बांधा. दोन्ही चुलीपासून आणि गॅसपासून लांब असले पाहिजेत आणि वायरिंगला लागता कामा नयेत. कवेलूच्या (कौलारू) घरात सरकलेली कवेलू दिवाळीआधी फेरून घ्यावीत. तिथली गळती बहुतेक भिंत आणि छप्पर जिथे मिळतात त्या फटीतून असते.

खोली नव्हे, माणूस गरम ठेवा

हे सगळं केल्यावर खोलीचं तापमान सहसा सुसह्य राहतं. उरलेली थंडी अंथरुणातच भागवावी.

पलंग बाहेरच्या भिंतीपासून अर्धा फूट सरकवा. उत्तरेच्या भिंतीवर ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन पडतच नाही, तिला डोकं टेकून झोपू नका. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली चटई आणि तिच्याखाली तरट किंवा बारदाना अंथरावा. थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालूनही लागते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणं जास्त ऊब देतात, कारण मध्ये हवा अडकते. डासांसाठी पंखा लावून झोपण्याची सवय असेल तर मच्छरदाणी लावा. पंख्याच्या वाऱ्याने अंगाभोवतीची ऊब निघून जाते आणि मग त्यावर आपण हिटर लावतो.

रबराच्या पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरायला ०.१ युनिटही लागत नाही, आणि पायाशी ती बराच वेळ गरम राहते. विजेचं ब्लँकेट साधारण १०० वॅटचं असतं; आठ तास चाललं तरी ०.८ युनिट, हिटरच्या एक दशांश. ते चालू असताना दुमडू नये, तान्ह्या बाळाखाली घालू नये, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना देऊ नये. गरम पाण्याची पिशवीही त्यांना जपून, टॉवेलात गुंडाळूनच द्यावी. घरात आजारी माणूस असेल, अंग पुसताना, कपडे बदलताना ऊब लागणारच. तेवढ्यापुरता ४००-८०० वॅटचा छोटा रॉड हिटर समोर लावा आणि काम झालं की बंद करा. २००० वॅटचा हिटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या बोर्डावर किंवा साध्या एक्स्टेंशनवर कधीही लावू नका, प्लग वितळतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा.

हिटर नाही, तरी बिल वाढलं? गिझर पाहा

पुष्कळ घरांत हिवाळ्याचं बिल गिझर वाढवतो. २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो. चौघांच्या आंघोळीला रोज २ युनिट, महिन्याला ६०. इतकं होणारच. पण शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की तीन-चार बादल्या जातात, आणि गिझर सकाळपासून चालू ठेवला तर तापलेलं पाणी गार होत राहतं, गिझर ते पुन्हा तापवत राहतो.

१५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ५० अंशांपर्यंत १६-१७ मिनिटांत तापवतो. तेव्हा वीस मिनिटं आधी लावा, आणि सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी करा. अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच असेल, किंवा गिझर मध्येच बंद पडत असेल तर आत क्षार साचलेला असण्याची शक्यता मोठी. बोअरवेलचं पाणी जड असेल तर दरवर्षी दिवाळीआधी गिझर उघडून कॉइल साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला. नवा घेताना वीजबचतीचं स्टार रेटिंग बघूनच घ्या.

गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असेल तर नागपूरचा हिवाळा त्याच्यासाठी उत्तम, आकाश स्वच्छ असतं. तरीही सकाळी पाणी गार येत असेल तर बहुतेक वेळा दोष पॅनलमध्ये नसतो. एकतर नळ्यांवर धुळीचा थर असतो, नाहीतर गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाचं आवरण उन्हाने फाटून गेलेलं असतं. काळ्या फोमचं नवं आवरण घाला, त्याला ऊन लागू नये म्हणून वरून टेप गुंडाळा.

पाण्यात टाकायचा रॉड वापरणाऱ्यांनी रॉड पाण्यात ठेवल्यावरच बटण लावावं, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नये. घरात अर्थिंग नीट असावं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. हा खर्च टाळू नका.

इथे काटकसर करू नका: शेगडी आणि गॅस गिझर

फटी बुजवा असं मी वर सांगितलं, म्हणून हे त्याच दमात सांगणं भाग आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, शेकोटी काहीही ठेवू नका. धूर नसलेल्या लाल निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि झोपलेला माणूस जागा होतच नाही. दार किंचित उघडं ठेवलं तर चालतं, असं समजू नका.

गॅस गिझरचंही तसंच. तो न्हाणीघरात नको, बाहेर मोकळ्या जागी हवा. घरात आधीच आत बसवलेला असेल तर जागा बदलेपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. न्हाणीघराची खिडकी आणि झरोका कायम उघडे राहू द्या. स्वयंपाकघरातही गॅस जळतो, म्हणून तिथला झरोकाही. आंघोळ करताना कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर त्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

तरीही एक खोली गारच राहते

काही खोल्यांना इलाज कमीच असतो: वरचा मजला, उत्तरेचा कोपरा, दोन भिंती बाहेरच्या, ऊन कुठूनच नाही. तिथे पैसे घालत बसण्यापेक्षा डिसेंबर आणि जानेवारीपुरतं झोपण्याचं ठिकाण बदला. दुपारी ज्या खोलीत ऊन येतं, तिथे आजी-आजोबांची बाज किंवा पलंग हलवा. गार खोलीत सामान ठेवा आणि तिचं दार बंद ठेवून दाराखाली पट्टी लावा, म्हणजे ती बाकीचं घर गार करणार नाही.

आणि हा त्रास दर वर्षी नव्याने सुरू होऊ नये म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी थोडी काळजी घ्या. कुलरच्या तोंडाचं झाकण काढाल तेव्हा त्याच्या मागे मार्करने खोलीचं नाव आणि वरची बाजू कोणती ते लिहा. झरोक्यांचे तुकडे, दाराच्या पिशव्या, खिट्ट्या एकाच पोत्यात भरून ठेवा, आणि ते पोतं माळ्यावर मागे न ढकलता कुलरचं सामान जिथे असतं तिथेच ठेवा. कुलर लावायला जाल तेव्हा झाकण परत तिथेच जाईल, आणि दिवाळीत कुलर उतरवाल तेव्हा ते हाताशीच सापडेल.